तेल शाकाहारी खरे. हृदयाला मानवते का?

शेंगतेलाच्या डब्यावर ठळक अक्षरांत छापलेले ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ हे शब्द खोटे नाहीत. पण ते त्या कंपनीचे कर्तृत्वही नाही. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या शरीरात तयार होणारा पदार्थ आहे. वनस्पतींत तो नावापुरताच असतो. त्यामुळे शेंगदाण्याचे, तिळाचे, सरकीचे, खोबऱ्याचे किंवा पामचे असे कोणतेही तेल मुळातच कोलेस्टेरॉलविना असते. मिठाच्या पिशवीवर ‘साखर-मुक्त’ असे छापले तर ते जितके खरे आणि जितके निरर्थक ठरेल, तितकेच हेही.

तरीही या शब्दांनी अनेक घरांना निर्धास्त केले आहे. जैन कुटुंबांत अन्नाची पारख पिढ्यान्‌पिढ्या एका प्रश्नाने होत आली: यात कुणाची हिंसा झाली का? मांस, मासे, अंडी, मध उंबऱ्याबाहेर राहिले. कंदमुळे वर्ज्य झाली. सूर्यास्तानंतर चूल विझली. ही पारख आपल्या जागी उच्चच आहे. मात्र तिच्यातून नकळत एक समजूत रुजली, की जे अन्न निर्दोष आहे ते रक्तालाही निर्दोषच असणार. म्हणूनच पन्नाशीच्या आतला, निर्व्यसनी, चौविहार पाळणारा व्यापारी छातीत कळ येऊन रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा घरच्यांच्या तोंडून पहिले वाक्य निघते, “आमच्याकडे तर असले काही खातच नाहीत.”

बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातील माणसांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे आढळले. इतर देशांत हेच वय ५९ च्या आसपास होते. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, बैठे काम ही कारणे त्यात होतीच; परंतु रक्तात मेद वाहून नेणाऱ्या कणांचे बिघडलेले प्रमाण हे त्यांतील सर्वांत ठळक कारणांपैकी एक होते. शाकाहारी माणसाच्या रक्तात हे मेद येतात कुठून, हा प्रश्न म्हणूनच स्वयंपाकघरातल्या डब्यापाशी येऊन थांबतो.

‘वनस्पती’ या शब्दाचा भरवसा

विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निकेलच्या साहाय्याने द्रव तेलाशी हायड्रोजनचा संयोग घडवून ते थिजवण्याची कृती सिद्ध केली. पातळ तेल घट्ट झाले, लवकर खवट होईनासे झाले आणि दाणेदार केले की तुपासारखे दिसू लागले. १९३७ साली ‘डालडा’ हे नाव भारतीय बाजारात आले आणि पाहता पाहता ते वस्तूचेच नाव होऊन बसले. तुपात त्याची भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल मिसळण्याचे बंधन सरकारने घातले. तिळाच्या तेलाला विशिष्ट रसायनांचा स्पर्श झाला की लाल रंग उमटतो. तुपाचा नमुना लाल झाला की विकणाऱ्याचे पितळ उघडे पडे. तेल-तुपाच्या जुन्या व्यापाऱ्यांना ही परीक्षा चांगलीच ठाऊक असे.

शाकाहारी घरांनी या पदार्थावर विश्वास टाकला तो त्याच्या नावामुळे. ‘वनस्पती तूप’ यातला पहिला शब्दच हमीपत्रासारखा होता. १९८३ साली आयात केलेली गुरांची चरबी वनस्पतीत मिसळली जात असल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा देशभर उसळलेला संताप त्या विश्वासाच्या मानानेच मोठा होता. घरोघरी डबे रिकामे झाले. पुढे तपासण्या कडक झाल्या, ‘शंभर टक्के शाकाहारी’ अशी ग्वाही मिळाली आणि डबे पुन्हा फडताळात आले.

या सगळ्या काळात विचारला गेला तो प्रश्न एकच होता: चरबी कुणाची? चरबी कशी, हे कुणी विचारले नाही. खरोखर शंभर टक्के वनस्पतिज असलेल्या, कणभरही भेसळ नसलेल्या डब्यातही एक दोष होता, आणि तो थिजवण्याच्या कृतीतूनच आलेला होता.

तेल म्हणजे मेदाम्लांच्या साखळ्या. द्रव तेलातील अनेक साखळ्या नैसर्गिकरीत्या एखाद्या ठिकाणी वाकलेल्या असतात. त्यामुळे त्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत आणि तेल पातळ राहते. हायड्रोजनची प्रक्रिया अर्ध्यावर थांबवली की त्यांतील काही साखळ्यांचा बाक निघून जातो आणि त्या सरळ होतात. यांनाच ट्रान्स मेद म्हणतात. दिसायला ते घट्ट स्निग्धच; परंतु शरीराशी त्यांचा व्यवहार निराळा.

हे निर्णायकपणे दाखवून दिले ते नेदरलँड्समधील रोनाल्ड मेन्सिंक आणि मार्टिन काटान या दोन संशोधकांनी, १९९० साली. त्यांनी ३४ स्त्रिया आणि २५ पुरुष यांना तीन-तीन आठवडे तीन प्रकारचे आहार दिले. आहार जवळजवळ सारखेच होते. फरक फक्त स्निग्धाच्या एका हिश्श्यात होता. संपृक्त मेदाने अपायकारक मानले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढले, हे अपेक्षितच होते. ट्रान्स मेदाने एलडीएल तर वाढवलेच, शिवाय उपकारक मानले जाणारे एचडीएल खाली आणले. खर्च वाढवणारा आणि जमाही घटवणारा असा हा दुहेरी तोटा होता. ज्या तुपाला पर्याय म्हणून वनस्पती आली, त्या तुपाहूनही ती हृदयाला जाचक ठरली.

कायदा यायला पुष्कळ वर्षे गेली. डेन्मार्कने २००३ साली नियम करून उद्योगनिर्मित ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ती १ जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. तेल-तुपालाच नव्हे, तर ते वापरून केलेल्या खाद्यपदार्थांनाही ती लागू झाली. ही मोठी सुधारणा होती, यात शंका नाही. पण बेकरीची खारी आणि नानखटाई खुसखुशीत राहण्यासाठी घट्ट स्निग्ध लागतेच. ट्रान्स मेद गेले, त्यांच्या जागी बहुतांशी पामतेल आणि त्यापासून काढलेली घट्ट स्निग्धे आली. पामतेल आपोआपच निम्मे घट्ट असते, त्याला हायड्रोजन लागत नाही. पण ज्या कारणाने ते घट्ट असते, त्याच कारणाने ते रक्तात एलडीएल वाढवते. तयार फरसाण, बिस्किटे, वेफर यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘पाम तेल’ किंवा ‘पामोलिन’ असे लिहिलेले असते. वेष्टनावरचे हिरवे वर्तुळ पाहणारी नजर तिथपर्यंत क्वचित पोहोचते.

यकृताच्या दारात

संपृक्त मेद म्हणजे नेमके काय करते, हे समजले की तेलांची निवड सोपी होते. शरीराला लागणारे बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करते. ताटातून येणारा वाटा त्यामानाने लहान. एलडीएल हे कण रक्तातून हा माल घेऊन फिरतात. यकृताच्या पेशींवर हे कण पकडून आत ओढून घेणारे ग्राही असतात, बाजारपेठेतल्या गोदामांपुढे माल उतरवायचे धक्के असतात तसे. धक्के पुरेसे असले की रस्ता मोकळा राहतो. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे ग्राही शोधून काढले आणि त्याबद्दल त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संपृक्त मेद आहारात वाढले की यकृतावरील या ग्राहींचे काम मंदावते. माल उतरत नाही, गाड्या रस्त्यातच फिरत राहतात आणि कालांतराने धमन्यांच्या अस्तरात शिरून तिथे थर धरू लागतात. म्हणजे कोलेस्टेरॉलचा एक कणही नसलेले तेल रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवू शकते. खोबरेल हे त्याचे ठळक उदाहरण: पूर्णपणे वनस्पतिज, आणि तरीही त्यातील ८० ते ९० टक्के मेद संपृक्त. अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल प्रति डेसिलिटर सुमारे १० मिलिग्रॅमने वाढवल्याचे दिसले. कोकण-गोव्याच्या स्वयंपाकात ओला नारळ डाळी, भाज्या आणि चोथ्यासह येतो, ती गोष्ट वेगळी. ‘आरोग्यदायी’ म्हणून सकाळी रिकाम्या पोटी चमचाभर खोबरेल पिण्याची जी टूम निघाली आहे, तिला आधार नाही.

याउलट असंपृक्त मेद या ग्राहींच्या कामाला हातभार लावतात. शिवाय वनस्पती तेलांत कोलेस्टेरॉलशी मिळतीजुळती रचना असलेली वनस्पतिज स्टेरॉल असतात. ती आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतात आणि त्याचे शोषण कमी करतात. तीळ आणि भाताच्या कोंड्याचे तेल या बाबतीत समृद्ध आहे.

शेंगतेलात संपृक्त मेद सुमारे पाचवा हिस्सा, एक-असंपृक्त जवळपास निम्मे आणि उरलेले बहु-असंपृक्त. (भुईमूग जमिनीखाली वाढतो खरा, पण तो कंद नव्हे, शेंग आहे, हा वाद घराघरांत कधीच मिटलेला आहे.) तिळाच्या तेलात संपृक्त मेद याहून थोडे कमी, आणि दोन्ही असंपृक्त प्रकार जवळजवळ समसमान. भाताच्या कोंड्याचे तेल शेंगतेलाच्या जवळपासचे. सरकीच्या तेलात संपृक्त भाग पाव हिश्श्याच्या आसपास जातो. मोहरीच्या तेलात तो फारच कमी, पण महाराष्ट्रातल्या जिभेला तो उग्र वास रुचत नाही. ऑलिव्ह तेलाचे गुण खरे आहेत. तथापि परदेशी बाटलीसाठी पाचपट दाम मोजून त्यातच शेव तळण्यात व्यापारही नाही आणि शहाणपणही नाही.

तूप, आणि करडईचा धडा

तुपाचा विषय निघाला की चर्चा तापते. तुपातील साठ टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असते आणि त्यात कोलेस्टेरॉलही असते, कारण ते प्राणिज आहे. तुपाचे कैवारी एका जुन्या भारतीय पाहणीचा दाखला देतात. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली रेल्वे कर्मचाऱ्यांतील हृदयविकाराची पाहणी प्रसिद्ध केली. दूध-तूप भरपूर खाणाऱ्या उत्तरेकडील कर्मचाऱ्यांपेक्षा, बियांचे तेल आणि तेही कमी खाणाऱ्या दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण सुमारे सातपट आढळले. निष्कर्ष चकित करणारा आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण दोन प्रदेशांतील माणसांची राहणी, श्रम, व्यसने, निदानाच्या सोयी या साऱ्याच गोष्टी भिन्न असताना एकट्या तेल-तुपाला श्रेय किंवा दोष देता येत नाही. माणसांना नेमून दिलेले आहार देऊन जे नियंत्रित प्रयोग झाले, त्यांत तूप-लोण्याच्या जातीच्या मेदाने एलडीएल वाढतेच, असेच पुन्हा पुन्हा दिसले. गरम वरणभातावरचा एक लहान चमचा तूप म्हणजे पाच ग्रॅम, त्यात संपृक्त मेद सुमारे तीन ग्रॅम. एवढ्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. बिघडते ते पोळीवर, खिचडीत, शिऱ्यात, मोहनथाळात आणि सुक्या मेव्याच्या लाडवात तेच तूप दिवसभर येत राहते तेव्हा.

संपृक्त मेद वाईट ठरले म्हणून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांसाठीही एक धडा आहे, आणि तो करडईचा आहे. करडई हे दख्खनच्या कोरडवाहू रानातले, रब्बीतले पीक. पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल हे बहु-असंपृक्त मेद पाऊणभर असते, संपृक्त दहावा भागही नसतो. कागदावर याहून निर्मळ तेल नाही. १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल आणि करडईचेच मार्गारिन भरपूर देण्यात आले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. मृत्यू मात्र कमी होण्याऐवजी वाढले: करडईच्या गटात १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. ही आकडेवारी संपूर्णपणे पुढे आली ती २०१३ साली.

त्या मार्गारिनमध्ये ट्रान्स मेद असण्याची शक्यता काही तज्ज्ञ दाखवतात. दुसरे एक स्पष्टीकरण अधिक उपयोगाचे आहे. बहु-असंपृक्त मेदांची दोन घराणी आहेत, ओमेगा-सहा आणि ओमेगा-तीन. करडईत पहिले ओसंडून असते, दुसरे जवळजवळ नसते. जिथे सोयाबीनच्या तेलासारखी दोन्ही असलेली तेले वापरली गेली, तिथे संपृक्त मेद कमी करून हृदयविकार घटल्याचे दिसले. तेव्हा करडईचे तेल वाईट नाही. पण त्या एकाच डब्यावर सगळा संसार चालवणे बरे नाही. वर्षभर एकच तेल न आणता शेंगदाणा, तीळ, करडई, कोंड्याचे तेल असे आलटून पालटून आणणाऱ्या घरांची जुनी पद्धत या दृष्टीने योग्यच होती.

ओमेगा-तीनसाठी पाश्चात्त्य वैद्यक मासे सुचवते. जैन घरात तो मार्ग बंदच. शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या गोळ्याही मिळतात, पण शेवाळ अनंतकायात गणले जात असल्याने अनेक जण त्याही घेत नाहीत. उरतो तो जवस. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक मेद ओमेगा-तीन घराण्यातले असते. शरीर त्याचे माशांतल्या प्रकारात रूपांतर फार थोडे करते हे खरे, तरी हे मेद स्वतः आवश्यकच आहे आणि भाजून कुटलेल्या जवसाचा एक मोठा चमचा एका माणसाची दिवसाची गरज साधारणपणे भागवतो. दाणे कुटलेलेच हवेत. अख्खे दाणे पोटातून जसेच्या तसे निघून जातात. तेल मात्र लवकर खवटते, ते तळणीला चालत नाही. जवसाच्या चटणीत महाराष्ट्रात लसूण घालतात. ती वगळून तीळ, मिरची, आमसूल आणि हिंग घातलेली चटणी चवीला तसूभरही उणी पडत नाही. अक्रोडातही हेच मेद आहे. ‘लसणीशिवाय कोलेस्टेरॉल उतरत नाही’ हे परिचितांकडून ऐकावे लागते, तेही मनावर घेऊ नये. लसणीचा परिणाम अगदीच माफक आहे.

आणखी एक गफलत इतकी सर्रास होते, की तिच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. अहवालात कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की घरात तेल-तूप एकदम बंद होते. कोरडे खाकरे, कुरमुरे, टोस्ट, रव्याचे आणि मैद्याचे पदार्थ त्याची जागा घेतात. चहात साखर तशीच राहते. तीन महिन्यांनी एलडीएल थोडे उतरलेले असते, पण ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल आणखी घसरलेले असते. स्निग्धाच्या जागी मैदा, साखर आणि पांढरा भात आला की यकृत त्या जादा पिष्टापासूनच मेद घडवू लागते. भारतीय माणसात चढे ट्रायग्लिसराइड आणि उतरते एचडीएल ही जोडी तशीही नेहमीची. पेढीवर दिवसभर बसून राहणाऱ्याच्या बाबतीत तर ती अधिकच. तूप कमी करावे, पण त्याची जागा शेंगदाणे, बदाम, तीळ, डाळी, उसळी आणि बेताच्या चांगल्या तेलाने भरावी, जिलबीने नव्हे.

स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार माणसांवर झालेल्या ‘प्रेडिमेड’ या प्रयोगाने हेच दाखवले. एका गटाला ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट यांचे मिश्रण, आणि तिसऱ्याला स्निग्ध कमी करण्याचा सल्ला. पहिल्या दोन्ही गटांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांचे प्रमाण तिसऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिले. २०१३ चा हा निबंध गट पाडण्यातील त्रुटींमुळे मागे घेतला गेला; २०१८ साली फेरमांडणी करून तो पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हाही निष्कर्ष जवळजवळ तोच निघाला.

शाकाहारी वाचकांना अधिक जवळचा वाटेल असा प्रयोग टोरांटोचे डेव्हिड जेनकिन्स यांनी २००३ साली केला. बदाम, सोयाबीनची प्रथिने, वनस्पतिज स्टेरॉल, आणि ओट, जव, इसबगोल, भेंडी, वांगी यांतील चिकट तंतू असा शाकाहारी आहार महिनाभर दिल्यावर एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी उतरले. त्याच प्रयोगात स्टॅटिन गोळी घेणाऱ्यांचे सुमारे ३१ टक्क्यांनी उतरले होते. वांगी बहुबीज म्हणून ज्यांना वर्ज्य आहेत, त्यांना भेंडी आणि जव पुरेसे आहेत. अर्थात तो आहार प्रयोगशाळेच्या शिस्तीत दिलेला होता; घरगुती बदलांनी एवढी मजल क्वचित गाठली जाते. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या घराण्यातच कोलेस्टेरॉल फार चढे आहे, त्यांनी या आकड्यांवर विसंबून डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून थांबवणे धोक्याचे आहे.

डबा किती दिवस पुरतो?

तेल कोणते याची चर्चा रंगते. किती, याची होत नाही. वास्तविक हिशेबात मुरलेल्या समाजाला हा हिशेब अवघड नाही. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज १०० ग्रॅम तेल पडते, म्हणजे ९०० कॅलरी निव्वळ तेलाच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या आहारात वरून घेतलेले तेल-तूप २७ ग्रॅमच्या आसपास धरले आहे. त्या मापाने पाच जणांना महिन्याला चार किलो पुरावेत आणि एक डबा साडेतीन महिन्यांहून अधिक चालावा. यात तूपही आले, हे विसरू नये. घरात डबा आणल्याची तारीख त्यावर खडूने लिहून ठेवली, तर दुसऱ्या कोणत्याही उपदेशाची गरज उरत नाही.

तळणीच्या तेलाचे वेगळे सांगायला हवे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्याचे विघटन होते, ते काळवंडते, दाट होते, त्यावर फेस धरतो. अशा विघटित द्रव्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यास वापरू नये, असा नियम आहे. घरात एवढे मोजण्याची सोय नसते. तेव्हा एकदा तळलेले तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये. फरसाणाच्या दुकानातील कढईत मात्र कालच्या तेलात आजचे तेल पडत असते, आणि हा धंदा करणारी पुष्कळ घरे या वाचकांतही आहेत. वापरलेले तेल गोळा करून त्यापासून जैवइंधन करण्याची योजना प्राधिकरणाने आखली आहे. कढई वेळेवर रिकामी करणाऱ्या दुकानदाराला तिचा उपयोग होऊ शकतो.

जैन आचारात स्निग्धाचा विचार वैद्यकाहून फार जुना आहे. सहा बाह्य तपांत ऊणोदरी आहे आणि रसपरित्यागही. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले या सहांना श्वेतांबर परंपरेत विगई म्हणतात; चैत्र आणि अश्विन या महिन्यांतील नऊ-नऊ दिवसांच्या आयंबिल ओळीत या सर्वांचा त्याग करून दिवसातून एकदाच नीरस अन्न घेतात. या तपाचा हेतू रक्तातील मेद उतरवणे हा नाही, आणि त्याला तशा प्रशस्तिपत्राची आवश्यकताही नाही. परंतु नऊ दिवस तेलाचा थेंबही न घेणाऱ्या त्याच घरात पारण्यानंतरच्या आठवड्यात तळणीची कढई उतरत नाही, असेही दृश्य दिसते. रोज एक विगई सोडण्याचा नियम अनेक श्रावक-श्राविका वर्षभर पाळतात. आठवड्यातून तीन-चार दिवस ही निवड तळलेल्या पदार्थांवर किंवा तुपावर पडली, तर नियमही सांभाळला जातो आणि डबाही.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी अठ्ठाई किंवा आयंबिल ओळी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून औषधांच्या मात्रा ठरवून घ्याव्यात. रक्ताची तपासणी पर्युषणाच्या लगेच पुढे-मागे करू नये. दीर्घ उपवासात शरीर साठवलेली चरबी वापरू लागते, त्यामुळे त्या दिवसांतले आकडे नेहमीची स्थिती दाखवत नाहीत. पारण्यानंतर दोन-तीन आठवडे रोजचा आहार सुरळीत झाल्यावर तपासणी करावी. एलडीएल सर्वसाधारणपणे १०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या वर असावे. हृदयविकार होऊन गेलेल्यांसाठी एलडीएलची मर्यादा आणखी खाली, ७० च्या आत धरतात. तेल बदलल्याचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेव्हा दिवाळीच्या फराळाआधी एक अहवाल आणि संक्रांतीच्या सुमारास दुसरा, असे दोन कागद शेजारी ठेवून पाहिले, तर मधल्या काळात घरात कोणता डबा आला आणि तो किती दिवस पुरला, ते आकड्यांत वाचता येते.